मुंबई–ड्युसेलडॉर्फ बिझनेस क्लास: उंच माणूस, दुखरी कंबर, झोप कुठल्या सीटवर?

शिरोली_ओतकाम

जून २०२७ मध्ये ड्युसेलडॉर्फला गिफा, म्हणजे ओतकामाचं प्रदर्शन आहे. आमच्याकडून दोघं जाणार. एकजण सहा फूट दोन इंच, वजन ९५ किलो. दुसरे चौसष्ट वर्षांचे, कंबरेचं जुनं दुखणं, उताणं झोपताच येत नाही. उतरल्यावर त्याच दुपारी हॉलमध्ये उभं राहायचंय, म्हणून जाताना तरी बिझनेसच घ्यायचं ठरलंय.

प्रश्न एवढाच की झोप कुठं लागेल? यूट्यूबवर सगळे दार, टीव्ही आणि शॅम्पेन दाखवतात. पाय कुठं जातात ते कुणी दाखवत नाही. डोक्यात तीन रस्ते आहेत. मुंबईहून थेट फ्रँकफर्ट आणि पुढं रेल्वे, दुबई किंवा दोहाला बदलून ड्युसेलडॉर्फ, नाहीतर झुरिचमार्गे. भाड्यात फार फरक नाही असं धरून सांगा.

खिडकीकडची_के

कंपनीचं नाव बघून सीट ठरवू नका. एकाच कंपनीच्या दोन विमानांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. तिकिटाच्या तपशिलात विमानाचा कोड असतो तो आधी बघा. ३५९ म्हणजे ए३५०-९००, ३५१ म्हणजे ए३५०-१०००, ७८९ म्हणजे ७८७-९, ३८८ म्हणजे ए३८०, ७७डब्ल्यू म्हणजे ७७७-३००ईआर. मग सीटचा नकाशा उघडून एका रांगेत किती सीट येतात ते मोजा.

सात आल्या तर २-३-२. एमिरेट्सच्या जुन्या ७७७ मध्ये ए-बी-डी-ई-एफ-जे-के अशी रांग असते आणि ‘ई’ म्हणजे चक्क मधली सीट. २०२४ पासून त्यांची ७७७ एकेक करून १-२-१ होताहेत, पण तुमच्या वाट्याला कुठलं येईल ते नकाशाच सांगेल. सहा आल्या तर २-२-२. लुफ्तान्साची जुनी केबिन ही. बेड पूर्ण सपाट, लांबी १९८ सेंटिमीटर, पण शेजारच्या दोघांचे पाय पुढं एकमेकांकडे वळत जातात आणि खिडकीवाल्याला रात्री उठायचं तर शेजाऱ्याचे पाय ओलांडून जावं लागतं. दोघं एकाच फाउंड्रीचे असाल तर निभतं, अनोळखी शेजारी असेल तर अवघडल्यासारखं होतं. मे २०२४ मध्ये त्यांची अ‍ॅलेग्रिस नावाची नवी केबिन म्युनिकच्या ए३५० वर सुरू झाली, तिच्यात काही ठरावीक सीटचा बेड २.२० मीटरचा आहे. उंच गड्यासाठी ती मिळत असेल तर फ्रँकफर्टचा हट्ट सोडा.

चार आल्या तर १-२-१, प्रत्येकाला थेट वाटेवर उतरता येतं. लोक इथंच निर्धास्त होतात आणि फसतात, कारण १-२-१ मध्ये मुख्य दोन जाती आहेत.

एक रिव्हर्स हेरिंगबोन. सगळ्या सीट तिरक्या, कडेच्या खिडकीकडं तोंड करून आणि मधल्या एकमेकींकडं. कतारच्या ७८७-८ वर ही आहे. वाटेकडचा हात खाली दाबला की खांद्याशी चार बोटं जागा वाढते. हा हात खाली जातो हेच पुष्कळांना ठाऊक नसतं आणि रात्रभर कोपर घासत पडतात.

दुसरी स्टॅगर्ड, म्हणजे पुढंमागं सरकवून मांडलेल्या सीट. एमिरेट्सचं ए३८० आणि स्विसची जुनी विमानं या जातीची. हिच्यात तुमचे पाय पुढच्या माणसाच्या टेबलाखालच्या बोगद्यात जातात, त्याला फूटवेल म्हणतात. बेडची जी लांबी छापलेली असते ती खरीच असते, पण तिचा शेवटचा दीडेक फूट या बोगद्यात असतो. ओतकामवाल्याला काय सांगायचं, बोगद्याला भरपूर ड्राफ्ट असतो, टोकाकडं निमुळता होत जातो. दहा नंबरचं पाऊल उभं ठेवलं की अंगठे छताला टेकतात, कूस बदलायची तर आधी दोन्ही पाय बाहेर ओढायचे, वळायचं आणि परत आत सारायचे. झोप मोडते ती अशी, इंजिनाच्या आवाजानं नव्हे.

पहिल्या रांगेत पुढं कुणाचं टेबल नसतं, त्यामुळं तिथला बोगदा बहुतेक विमानांत रुंद असतो. सहा फूट दोन इंचाला स्टॅगर्ड केबिनमध्ये तीच रांग घ्या. बदल्यात दोन गोष्टी पदरी पडतात: समोर पॅन्ट्री असेल तर तिचा उजेड आणि भांड्यांचा खडखडाट, आणि तान्ह्या बाळाचा पाळणा बहुधा याच भिंतीला टांगतात.

घरी करून बघण्यासारखी एक चाचणी आहे. फरशीवर खडूनं १९८ सेंटिमीटर लांब आखा. खांद्याशी ५५ रुंदी, तिथून निमुळती करत पायाशी ३५. पायाकडच्या शेवटच्या ४५ सेंटिमीटरवर एखादं बुटकं स्टूल ठेवा, खाली पाय घाला आणि पंधरा मिनिटं कुशीवर पडून राहा. कुठली सीट नको ते तिकीट काढायच्या आधीच कळेल.

राजारामपुरी_तिकीट

वरचं सगळं बरोबर, पण झोपेचा हिशेब सीटच्या आधी घड्याळावर मांडा.

मुंबईहून युरोपची बहुतेक विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. जूनमध्ये जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं. रात्री अडीचला उडालात तर तिथं अकरा वाजलेले, म्हणजे दोन्हीकडच्या घड्याळानं झोपायचीच वेळ. थेट फ्रँकफर्टला साडेआठ-नऊ तास लागतात. उड्डाणानंतर जेवण नाकारलंत तर पाऊण तासात आडवं होता येतं. उतरायच्या आधी नाश्ता आणि दिवे यांत सव्वा-दीड तास जातो. हातात सलग साडेसहा तास उरतात.

आता दुबई. मुंबई–दुबई तीन तासांचं, त्यातला सपाट पडायचा वेळ दीड तास, तोही खाण्याचा वास नाकात घेऊन. मग उतरा, सुरक्षा तपासणी, लाउंज, परत चढा. पुढचं विमान ड्युसेलडॉर्फपर्यंत सातेक तास, पण ते सकाळी सुटतं, खिडकीबाहेर टळटळीत ऊन. शरीराला तेव्हा कोल्हापूरची सकाळ झालेली असते. दोन तुकडे मिळून पाच तास झोप झाली तरी ती तुकड्यांची. दोहाचं गणित याच धर्तीचं, पहिला टप्पा साडेतीन-चार तासांचा एवढाच फरक.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. साधी २-२-२ सीट आणि सलग रात्र ही दारवाली केबिन आणि तुटक्या रात्रीपेक्षा बरी. फ्रँकफर्ट विमानतळाला लागूनच लांबपल्ल्याचं स्टेशन आहे, आयसीई या जलद गाडीनं ड्युसेलडॉर्फ दीडेक तास. रेल्वेचं तिकीट ठरावीक गाडीचं स्वस्त मिळतं पण विमानाला उशीर झाला तर वाया जातं. कुठल्याही गाडीला चालणारं घ्या. ड्युसेलडॉर्फ स्टेशनवरून यू७८ ही लाइन प्रदर्शनाच्या दारात सोडते.

आणखी एक. इंडिगोनं जुलै २०२५ पासून मुंबईहून युरोपला भाड्याची ७८७-९ चालवायला घेतली, तिच्यात पुढं ‘स्ट्रेच’ नावाच्या सीट असतात. त्या मागं रेलतात, सपाट होत नाहीत. स्वस्तातलं बिझनेस समजून घेऊ नका.

आठ_हजार_फूट

तिकीटवाल्या साहेबांशी निम्माच सहमत. कुशीवर झोपणाऱ्या चौसष्टीच्या गृहस्थांना सलग रात्र हवी हे मान्य. पण १८८ सेंटिमीटरच्या, ९५ किलोच्या माणसाला चेमटलेल्या सीटवर साडेसहा तास मिळून उपयोग काय? त्याला जागाच हवी. कतारची क्यूस्वीट, म्हणजे दारवाली केबिन असलेलं विमान दोहा–ड्युसेलडॉर्फवर मिळत असेल तर त्याच्यासाठी तोच रस्ता बरा. त्यातही अक्षर महत्त्वाचं. ए आणि के या उलट्या तोंडाच्या सीट, अगदी खिडकीला लागून. बी आणि जे पुढं तोंड करून, वाटेला लागून, तिथं येणाऱ्याजाणाऱ्याची चाहूल जास्त. मधल्या ई-एफ जोडल्या की डबल बेड होतो. दोन फाउंड्रीवाल्यांना त्याची गरज पडू नये.

उलट्या तोंडाच्या सीटला लोक उगीच बिचकतात. स्थिर उड्डाणात विमानाचं नाक अडीच-तीन अंश वर असतं. बेड फरशीला समांतर असेल तर १९० सेंटिमीटरवर आठ-दहा सेंटिमीटरचा चढ होतो. पुढं तोंड करून झोपणाऱ्याचे पाय नाकाकडं, म्हणजे पाय वर आणि डोकं खाली. उलट्या सीटवर डोकं वर. ज्यांना छातीत जळजळ होते त्यांना हा फरक चांगलाच कळतो. पुढं तोंड असलेल्या सीटवर पूर्ण सपाट करूच नका. पाठीची बाजू दोन बोटं उचललेली ठेवा किंवा उशीखाली घडी केलेलं पांघरूण घाला. जुन्या ‘तिरक्या सपाट’ सीटवर माणूस रात्रभर पायाकडं घसरत राहतो. असली सीट फुकट मिळाली तरी झोपेच्या कामाची नाही.

विमानाचं वयही बघा. ७७७ आणि ७४७ मध्ये केबिनमधली हवा जास्तीत जास्त आठ हजार फुटांवर असल्यासारखी विरळ होते, ए३५० आणि ७८७ मध्ये ती सहा हजारांवर राखतात, ओलावाही थोडा अधिक असतो. सकाळी डोकं जड होणं, घसा कोरडा पडणं यात हा फरक मोजला जातो. दोन सारख्या सीटमध्ये निवडायचं झालं तर विमान नवं ते घ्या.

आणि फुकट मिळते म्हणून पिऊ नका. जर्मनीतल्या संशोधकांनी २०२४ मध्ये ‘थोरॅक्स’ या नियतकालिकात एक प्रयोग छापलाय. आठ हजार फुटांइतक्या दाबाच्या खोलीत १८ ते ४० वयाची निरोगी माणसं झोपवली. न पिता झोपलेल्यांचा रक्तातला ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या आसपास, पिऊन झोपलेल्यांचा ८५, आणि नाडी ७३ वरून ८८. ती धडधाकट तरुण होती. चौसष्टाव्या वर्षी हा खेळ नको.

गंगावेस_भावा

खाण्याचं कुणीच बोललं न्हाई. वर गेल्यावर पोटातला वायू फुगतो. आठ हजार फुटांच्या दाबाला एका लिटरचा सव्वा लिटरच्या वर जातो, साधं बॉईलचं गणित. दुपारी कोल्हापूर सोडताना झणझणीत मिसळ, वाटेत वडा, रात्री लाउंजात छोले, मग बिझनेस काय नि फर्स्ट काय, पोट धरूनच बसायचं. तांबडा-पांढरा आल्यावर खावा, पळून जात न्हाई. निघायच्या दिवशी दहीभात, मुगाची खिचडी, केळं. लाउंजमध्येच पोटभर जेवून घ्या नि विमानात चढताना हवाईसुंदरीला सांगा, जेवण नको, सकाळी उठवू नका. नाश्ता पायजे असेल तर तसं सांगा.

फिजिओ_ताराबाईपार्क

कंबरेवाल्या काकांसाठी. बिझनेसची गादी ही मुळात बसायची गादी आहे. बसताना जिथं भार येतो तिथं ती कडक, आणि पाठ, बैठक, पायठेवणी यांच्या सांध्यांवर खाचा असतात. सपाट केल्यावर या खाचा नेमक्या कंबरेखाली आणि गुडघ्याखाली येतात. उपाय असा:

सीट सपाट करून आधी हात फिरवा, खाच सापडेल. तिच्यात पांघरुणाची घडी भरा. वर गादीचं पातळ आवरण घाला. ते पुष्कळदा मागितल्याशिवाय देत नाहीत, चढतानाच मागा. दोन उशा घ्या, एक डोक्याला, एक गुडघ्यांमध्ये. कुशीवर झोपताना गुडघे दुमडायला दीड-पावणेदोन फूट आडवी जागा लागते, म्हणून काकांना बोगद्याच्या सीटपेक्षा हेरिंगबोन किंवा जुनी २-२-२ जास्त सोसेल. जास्त दुखणारी बाजू वर ठेवून झोपता येईल अशी डावी-उजवी सीट निवडा. बाजूची भिंत पाठीला टेकली तर आधार मिळतो, पोटाकडं आली तर गुडघे आपटतात.

झुरिचचा रस्ता घेतलात तर स्विसच्या जुन्या ए३३० आणि ७७७ च्या सीटमध्ये फोमऐवजी हवेचे कप्पे आहेत, बटणानं कडक-मऊ होतात. कंबरेला ही सोय मोलाची. कडक करून बसा, झोपताना एक-दोन टप्पे मऊ करा. मात्र त्यांची ती प्रसिद्ध एकट्याची ‘सिंहासन’ सीट काकांना देऊ नका. दोन्हीकडं ऐसपैस टेबलं, पण पाय अरुंद बोगद्यात. लॅपटॉपवर काम करणाऱ्याला ती उत्तम, आणि तिला जादा पैसे पडतात ते वेगळेच.

काही सीटच्या पट्ट्यात एअरबॅग असते, तो भाग जाड असतो आणि कुशीवर झोपलं की नेमका कंबरेच्या हाडाखाली येतो. तो फिरवून पोटाच्या पुढं आणा. पट्टा पांघरुणाच्या वरून बांधा, नाहीतर हलायला लागलं की कर्मचारी पट्टा बघायला उठवतात.

उतरायच्या पाऊण तास आधी सीट अर्धी उभी करा. आडव्यावरून एकदम ताठ बसून लगेच वरच्या कप्प्यातली बॅग ओढली की कंबर धरते. बॅग दुसऱ्याला काढू द्या. पायाला १५–२० एमएम पाऱ्याच्या दाबाचे मोजे. झोपेची नवी गोळी पहिल्यांदा विमानात घेऊन बघायची नाही.

शिरोली_ओतकाम

मनापासून आभार. खडूची चाचणी पॅटर्नशॉपमध्ये केली. स्टुलाखाली उंच गड्याचे पाय गेले, वळले नाहीत. काकांनी दोन मिनिटांत नापास केलं. म्हणजे स्टॅगर्ड बाद, निदान पहिली रांग सोडून.

दोन शंका उरल्यात. मोटरनं चालणारी सीट मध्येच अडकली तर? आणि उंच गडी घोरतो, झोपताना श्वासाचं सीपॅप मशीन लावतो.

खिडकीकडची_के

सीट अडकायची कारणं बहुधा दोन. एक, तिचा कंट्रोलर गोंधळतो. कर्मचाऱ्याला सांगितलं की ते त्या सीटची वीज बंद करून परत देतात, बहुतेक वेळा तेवढ्यानं चालते. नाहीच चाललं तर हातानं सोडवायची ओढदोरी किंवा दांडी असते, तिनं निदान सपाट किंवा उभी करता येते. जागेवर बसल्या बसल्या, उडायच्या आधी, सीट एकदा पूर्ण आडवी-उभी करून बघा. दार बंद व्हायच्या आत सांगितलं तर बदलून मिळायची शक्यता असते, वर गेल्यावर केबिन भरलेली.

दुसरं कारण म्हणजे फटीत पडलेली वस्तू. फोन खाली गेला तर सीट अजिबात हलवू नका, बटणाला हातही लावू नका. मोटर फोन चिरडते आणि लिथियमची बॅटरी पेट घेते. कर्मचाऱ्याला बोलवा, काढायचं त्यांना शिकवलेलं असतं. झोपायच्या आधी फोन पाकिटात नाहीतर बंद होणाऱ्या कप्प्यात.

घोरण्याचं मशीन: कंपनीला निदान ४८ तास आधी कळवा, मॉडेलचं नाव हाताशी ठेवा. सीटचा प्लग थोड्याच वॉटचा भार घेतो, मशीनचं पाणी तापवणारं भांडं लावलं की तो आपोआप बंद पडतो. भांडं काढून चालवा. बॅटरी न्यायची तर १०० वॉटतासापर्यंतची, हातातल्या बॅगेत. त्याच्या वर १६० पर्यंत परवानगी लागते. मशीन चालणार तर प्लग कुठं आहे तेही बघून ठेवा, काही सीटवर तो खांद्यामागं असतो आणि वायर गळ्याशी येते.

शेजाऱ्याच्या घोरण्याला दार उपयोगाचं नाही, दाराला वर छत नसतं. फोमचे बोळे वापरा. बोळा बारीक वळायचा, दुसऱ्या हातानं कान वर-मागं ओढायचा, आत सारून तीस सेकंद बोट धरून ठेवायचं. नुसता खोचला तर निम्मा आवाज येतोच. कानावरचे मोठे हेडफोन उताण्या माणसाला चालतात, कुशीवर नाही.

राजारामपुरी_तिकीट

मग असं करा. दोघांनाही थेट विमान, ए३५० नाहीतर ७८७ बघून. उंच माणसाला लांब बेडची किंवा पहिल्या रांगेतली सीट, काकांना एकेरी खिडकी. तिकिटं साधारण ३३० ते ३६० दिवस आधी खुली होतात, चांगल्या सीट लवकर जातात. विमान बदललं तर सीट आपोआप भलतीकडं टाकतात, म्हणून महिन्यातून एकदा आणि निघायच्या आदल्या दिवशी नकाशा परत उघडा.

कोल्हापूर–मुंबईचं विसरू नका. गाडीनं ३८० किलोमीटर, महामार्गाच्या कामांमुळं आठ तास धरा, मध्यरात्रीच्या विमानाला दुपारी बाराला निघणं आलं. गाडीत पाचनंतर डुलकी नको, रात्रीची झोप तिथंच खर्च होते. उजळाईवाडीहून विमानानं जाणार असाल तर ते मुंबईत कुठं उतरतं ते बघा. नवी मुंबईला उतरवून रात्रीची गर्दी कापत सहारला पोचणं हा वेगळा प्रवास होतो.

येतानाचं बिझनेस मात्र रद्द करा. फ्रँकफर्टहून दुपारी निघणारं विमान मुंबईला मध्यरात्रीनंतर पोचतं. सगळा जागेपणीचा वेळ, बेड कशाला? प्रीमियम इकॉनॉमी घ्या, उरलेल्या पैशात विमानतळाजवळ दोन खोल्या. रात्री दीडला उतरून तसंच खंबाटकीकडं निघायचं नाही, दिवसभर वाट बघत बसलेल्या ड्रायव्हरनं तर मुळीच नाही.